कवचबीजाचं चूर्ण आणि कंपवाताची गोळी: एका निवृत्त शिक्षकांचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी आयुर्वेदाचा चिकित्सक. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची न्यूरॉलॉजिस्टची गोळी चालूच असते. मागणं एकच असतं: "मेंदूचं रक्षण होईल असं काहीतरी द्या." त्या मागण्यामागची तळमळ मला कळते. त्या तळमळीतून एका घरात काय घडलं आणि ते सावरताना कुठे कुठे थांबून विचार करावा लागला, ते इथे मांडतो.

पार्श्वभूमी

सर ६८ वर्षांचे. माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही गावातल्या मुलांच्या दहावीच्या शिकवण्या घरीच चालायच्या, आणि रोग पहिल्यांदा दिसला तो तिथेच. फळ्यावरचं अक्षर ओळीच्या शेवटाकडे जाताना बारीक बारीक होत जायचं. मागे बसलेली मुलं "सर, दिसत नाही" म्हणायची. पुढे काही महिन्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बसल्या जागी हलायला लागली. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर सरांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, आठवलं की पोट साफ होत नसल्याची तक्रार तर कितीतरी वर्षांची आहे, आणि शेगडीवर दूध करपलं तरी सरांना त्याचा वास येत नाही. या दोन गोष्टी कंप सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून असू शकतात, पण त्यांचा संबंध मेंदूशी कोण जोडणार?

निदान झालं आणि लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सुरू झाली. या जोडीचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कंपवातात मेंदूतल्या डोपामीन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवायला लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. लेव्होडोपा मेंदूत पोचतो आणि तिथे त्याचं डोपामीन होतं. पण तो एकटा दिला तर त्यातला मोठा भाग मेंदूत पोचण्याआधीच बाकीच्या शरीरात खर्च होतो; मळमळ होते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. कार्बिडोपा हा मधला खर्च थांबवतो, त्यामुळे कमी मात्रेत काम भागतं.

सरांचं पहिली तीन वर्षं छान भागलं. १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपाची एक गोळी, दिवसातून चार वेळा. चौथ्या वर्षी मात्र दुपारची गोळी पुरेनाशी झाली. दोन-अडीचच्या सुमारास पाय जमिनीला चिकटायचे, खुर्चीतून उठायला आधार लागायचा आणि चारची गोळी लागू होईपर्यंत तसंच बसून राहावं लागायचं. रोग पुढे सरकला की असं होतं. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा नव्याने बसवल्या की त्यावर बराच इलाज होतो. पण पुढची तपासणी दोन महिन्यांवर होती आणि सरांनी मधे डॉक्टरांना फोन केला नाही. "एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा," असं ते नंतर म्हणाले.

चूर्ण घरात कसं आलं

सरांच्या एका जुन्या सहकाऱ्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. कवचबीजाने मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होतात, कंपवात मुळापासून बरा होतो, आणि गोळ्यांनीच रोग वाढतो, असे तीन दावे त्यात होते. तिन्ही खोटे. मेंदूच्या विकारांवर अशी हमी देणारी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, तरी असे व्हिडिओ रोज फिरतात.

कवच म्हणजे आपली खाजकुहिली. सह्याद्रीच्या पायथ्याला वाढलेल्या प्रत्येकाला तिची ओळख आहे. तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की तासभर खाजवत बसावं लागतं. सरांनी तालुक्याच्या काष्ठौषधीच्या दुकानातून अर्धा किलो चूर्ण आणलं आणि सकाळ-संध्याकाळ एक एक चमचा दुधातून घ्यायला सुरुवात केली. चारही गोळ्या चालूच होत्या.

आणि त्यांना खरंच बरं वाटलं, हे मला ठळकपणे सांगायचं आहे. दुपारचं अडखळणं जवळजवळ गेलं. ते एकटे ग्रामपंचायतीपर्यंत चालत जाऊन यायला लागले. काकू म्हणाल्या, "तीन वर्षांत असे दिसले नव्हते." घरातल्या कोणालाही हा भास वाटला नाही, आणि तो भास नव्हताच. अडचण होती ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. सरांनी मनाशी ठरवलं की गोळी नुसती लक्षणं दाबते आणि चूर्ण रोग बरा करतं आहे. पुढच्या तपासणीला न्यूरॉलॉजिस्टनी "कसं चाललंय?" विचारलं, सरांनी "उत्तम" सांगितलं. चूर्णाचा विषय निघाला नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, सरांनी सांगितलं नाही.

बिघाड

तिसऱ्या महिन्यात चूर्ण संपलं आणि त्याच दुकानातून दुसरं आणलं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत काकूंच्या लक्षात आलं की चूर्ण घेतल्यावर तासाभराने सरांची मान आणि खांदे हलायला लागतात, बसल्या बसल्या अंग डुलतं, पाय वळवळतात. त्यांना वाटलं कंप वाढला. त्यांनी मुलाला विचारलं, मुलाने सहकाऱ्याला, आणि उत्तर आलं, "मात्रा कमी पडतेय." चमचे दोनाचे तीन झाले, तेही शिगोशीग.

सगळ्या प्रकरणातलं सर्वात महागात पडलेलं वळण हेच. कंपवाताचा कंप लयीत असतो, बहुतेक वेळा अवयव विसावलेला असताना दिसतो आणि हात कामाला लागला की कमी होतो. सरांचं हे हलणं वेगळं होतं. त्याला लय नव्हती, ते एका सांध्यातून दुसऱ्यात सरकायचं आणि औषधाचा जोर सर्वाधिक असतानाच यायचं. डोपामीन गरजेपेक्षा जास्त झाल्यावर येणारी ही हालचाल. म्हणजे औषध जास्त झाल्याची खूण घरच्यांनी औषध कमी पडल्याची समजून मात्रा आणखी वाढवली. यात त्यांना दोष देता येत नाही. हा फरक त्यांना कोणी कधी दाखवलाच नव्हता.

मग रात्री बिघडल्या. सरांना ओटीवर मुलं बसलेली दिसायची. भीती वाटायची नाही, ते काकूंना म्हणायचे, "त्यांना सांग, आज शिकवणी नाही." उभं राहिलं की चक्कर यायची. एका पहाटे न्हाणीघराच्या दारात पडले. हाड मोडलं नाही, पण मांडीवर मोठा काळानिळा डाग उठला. त्या दिवशी सून पुण्याहून आली, घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरली आणि दुसऱ्या सकाळी दोघांना माझ्याकडे घेऊन आली. काकू गुडघ्यांसाठी आधीपासून माझ्याकडे यायच्या, एवढीच ओळख.

पिशवीत काय निघालं

न्यूरॉलॉजिस्टच्या गोळ्या. कवचबीजाचं चूर्ण. ब्राह्मीच्या कॅप्सूल, अश्वगंधाचं चूर्ण. आणि कागदाच्या पुडीत करड्या रंगाच्या गोळ्या, ज्यांवर नाव, घटक, उत्पादक, परवाना क्रमांक, काहीच नव्हतं. कोणा फिरत्या माणसाने "मेंदूची ताकद" म्हणून दिलेल्या.

मी काकूंना घरचा तोच चमचा आणायला सांगितला होता. औषधाच्या काट्यावर तोलला तर सरांच्या हाताचा शिगोशीग एक चमचा सहा ग्रॅमचा भरला. तीन चमचे म्हणजे दिवसाला अठरा ग्रॅम. चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला तीन ते सहा ग्रॅम. मी वहीत आकडे मांडायला लागलो तशी सरांनी पेन्सिल घेतली आणि पुढचं गणित स्वतः केलं. बियांमध्ये लेव्होडोपा साधारण चार ते सहा टक्के धरला तर अठरा ग्रॅममधून सातशे ते एक हजार मिलिग्रॅम. गोळ्यांतून चारशे. बेरीज लिहून त्यांनी तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी तासभर समजावून जे साधलं नसतं ते त्या बेरजेने साधलं.

उताणं झोपवून रक्तदाब १३८/८० होता. उभं केल्यावर तीन मिनिटांनी १०४/६६. चक्कर आणि पडणं यांचं एक कारण तरी समोर आलं.

कवचबीजात आहे काय

कवचबीज निरुपयोगी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी खाजकुहिलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. कंपवातावर लेव्होडोपाचा उपयोग सुरू झाला तो त्यानंतर दोन तपांनी, १९६० च्या दशकात. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना कवचबीज देऊन त्याचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये याच बियांपासून बनवलेल्या औषधाचा ६० रुग्णांवरचा बारा आठवड्यांचा अभ्यास आला. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या छोट्या पण काटेकोर तुलनेत ३० ग्रॅम कवचबीज नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर लागू झालं आणि त्याचा परिणाम गोळीपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक काळ जास्त टिकला. बोलिव्हियात २०१७ मध्ये १८ रुग्णांवर एका मात्रेची तुलना झाली आणि तिथेही ते कसोटीला उतरलं. गोळी परवडत नाही अशा देशांसाठी हा मार्ग होऊ शकेल का, हा तिथला प्रश्न होता. मात्र त्याच संशोधकांनी पुढे चौदा रुग्णांवर सोळा आठवड्यांच्या अभ्यासात ते रोज देऊन पाहिलं, तेव्हा निम्म्यांनी मधेच सोडलं. काहींना पोटाचा त्रास झाला, काहींच्या हालचाली बिघडल्या.

म्हणजे सरांना पहिल्या महिन्यांत बरं वाटलं ते लेव्होडोपामुळेच. गोळीतही तोच, चूर्णातही तोच. वर त्यांच्या शरीरात गोळीतला कार्बिडोपा आधीच होता, त्यामुळे चूर्णातला लेव्होडोपाही वाया न जाता मेंदूकडे जात होता. नुसतं चूर्ण घेणाऱ्याला तेवढ्याच चमच्यात इतका जोर मिळत नाही.

आणि दुसऱ्या खेपेचं चूर्ण जास्त का लागलं? सुनेने दुकानदाराला फोन करून विचारलं. पहिला माल दुधात उकळून, साल काढून शोधलेल्या, म्हणजे शुद्ध केलेल्या, बियांचा होता. दुसरा कच्च्या बियांचा. उकळण्यात लेव्होडोपाचा बराच भाग निघून जातो. चमचा तोच राहिला, औषध मात्र वाढलं. बाजारातल्या कवचबीजाच्या उत्पादनांची तपासणी परदेशात झाली आहे. काहींत लेबलवर छापलेल्याच्या दहाव्या भागाइतकाही लेव्होडोपा निघाला नाही, काहींत छापल्यापेक्षा जास्त निघाला.

समोरचे पर्याय

सुनेचं म्हणणं सरळ होतं: चूर्ण आजच फेकून द्यायचं. पण कंपवाताच्या रुग्णाचा लेव्होडोपा एकदम दोन-तृतीयांश तोडला तर अंग ताठरतं, गिळता येत नाही, आणि क्वचित तीव्र ताप आणि बेशुद्धीपर्यंत जाऊन जीव धोक्यात येतो. चूर्ण वनस्पतीचं आहे म्हणून ते तोडण्यातला धोका कमी होत नाही.

सरांना हवं होतं नेमकं उलटं. गोळ्या बंद, फक्त चूर्ण, पण मापात. यावर मी बराच विचार केला. शुद्ध, मोजलेल्या कवचबीजावर काही रुग्ण राहू शकतात, हे मी नाकारत नाही. पण सरांना भास होत होते, रक्तदाब उतरत होता, आणि दर खेपेला ताकद बदलणारं चूर्ण हाती होतं. कार्बिडोपा काढला तर मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागली असती. या माणसासाठी, या वेळी, तो मार्ग योग्य नव्हता.

तिसरा पर्याय, प्रमाणित कवचबीज थोड्या मात्रेत गोळ्यांच्या जोडीला ठेवायचं. कागदावर ठीक. पण एकाच औषधाचे दोन स्रोत ठेवले की बिघडल्यावर कुणामुळे बिघडलं ते कळत नाही. मी तो बाजूला ठेवला.

उरला चौथा: न्यूरॉलॉजिस्टना सगळं सांगायचं, त्यांच्या देखरेखीखाली चूर्ण टप्प्याटप्प्याने उतरवायचं आणि गोळ्यांची घडी पुन्हा बसवायची. पुडीतल्या बेनामी गोळ्या मात्र त्याच क्षणी बंद. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आमच्या शास्त्राच्या नावावर लागलेला हा डाग मला टोचतो, म्हणूनच ज्यावर काही लिहिलेलं नाही ते मी रुग्णाच्या हातात राहू देत नाही. सरांच्या रक्तातलं शिसं तपासलं. सुदैवाने ते चिंता करण्याइतकं नव्हतं.

काय केलं

मी तिथूनच न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: "तुमचं सगळं बंद करा आणि पाठवा माझ्याकडे." मी अठरा ग्रॅमचं गणित सांगितल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "हे लिहून पाठवा." एका पानात लिहून पाठवलं: काय, किती, कधीपासून, दुसरी खेप कोणत्या तारखेला, भास कधी सुरू झाले, उभ्याचा रक्तदाब. त्यांनी त्याच दिवशी पाहायला बोलावलं. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम, डोक्याला मार, अशी भासांची आणि पडण्याची बाकीची कारणं तपासून घेतली. त्यांपैकी काही निघालं नाही.

उतरवायचं ते आधी संध्याकाळचं चूर्ण, कारण रात्रीच सर्वात वाईट जात होत्या. चार-पाच दिवसांनी सकाळचं निम्मं, मग दुपारचं, असं करत तीन आठवड्यांत चूर्ण शून्यावर आलं. उतरवताना शिगोशीग चमचा बंद आणि प्रत्येक मात्रा काट्यावर तोलून, हा माझा आग्रह होता. एरवी "अर्धा चमचा" म्हणजे प्रत्येकाच्या हातचा वेगळा. गोळ्या चारच्या पाच झाल्या, मधलं अंतर कमी झालं, आणि त्या जेवणाआधी पाऊण तास घ्यायच्या ठरल्या. आमटी, उसळ, अंडी यांतली प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणात आडवी येतात, म्हणून त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणाकडे सरकवला. अश्वगंधा आणि ब्राह्मीही काही काळ थांबवलं. त्यांचा दोष होता म्हणून नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवली तर काय होतंय ते समजतं.

माझ्या बाजूचं काम साधं होतं. पोट साफ होण्यासाठी इसबगोल, भरपूर पाणी, कोमट दुधात तूप. आतडी मंद असली की गोळीही उशिरा लागू होते. उठताना आधी बिछान्यावर बसायचं, घोटे हलवायचे, मग उभं राहायचं. रात्री तीळतेलाचा अभ्यंग काकूंनी चालू ठेवला. त्याने रोग थांबत नाही, ताठरपणाला आराम पडतो आणि झोप बरी लागते, असं मी दोघांना स्पष्ट सांगितलं.

चालण्याचं मात्र सरांनी स्वतःच शोधून काढलं. फिजिओथेरपिस्टने दारात पाय अडला की मोजून पाऊल टाका असं सांगितलं होतं. सर पाढे म्हणायला लागले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायचे, "सतरा एके सतरा" म्हणत उजवा पाय उचलायचे, आणि "सतरा दुणे चौतीस" ला पलीकडे. बाहेरून मिळणारा ताल अडलेल्या पावलाला वाट करून देतो, हे कंपवातात चांगलं माहीत आहे. पण सतराचाच पाढा का, असं विचारलं तर म्हणाले, "दोनाचा न विचार करता येतो. सतराला लक्ष द्यावं लागतं."

"मग मी हात बांधून बसू का?"

हा प्रश्न सरांनी दुसऱ्या भेटीत विचारला, आवाज चढवून. गोळी रोग थांबवत नाही, चूर्णही थांबवत नाही म्हणता, मग मेंदू वाचवायला मी करायचं काय?

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. आज तरी कंपवाताची वाटचाल थांबवतं असं एकही औषध सिद्ध झालेलं नाही, ना आमच्याकडचं ना त्यांच्याकडचं. लेव्होडोपा लवकर सुरू केला तर मेंदू वाचतो का, हे नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर तपासलं गेलं. काहींना तो लगेच दिला, काहींना चाळीस आठवड्यांनी. २०१९ मध्ये निकाल आला. ऐंशी आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. औषधाने रोग मंदावला नाही आणि वाढलाही नाही. "गोळ्यांनीच रोग वाढतो" या समजाला हे उत्तर आहे, आणि "लेव्होडोपा असलेलं चूर्ण पेशी वाचवतं" या समजालाही. कवचबीजाने उंदरांच्या मेंदूतल्या पेशींचं रक्षण झाल्याचे प्रयोग आहेत. माणसाच्या बाबतीत ते दाखवता आलेलं नाही, आणि मधलं अंतर फार मोठं असतं. अल्झायमरच्या क्षेत्रात गिंको या झाडाच्या पानांबद्दल अशीच आशा होती. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक लोकांना ते वर्षानुवर्षं देऊन पाहिलं आणि २००८ मध्ये उत्तर आलं की स्मृतिभ्रंश टळत नाही.

व्यायामाबद्दल आशा बाळगायला मात्र जागा आहे. नियमित, दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांची हालचाल जास्त काळ टिकते असं अनेक अभ्यासांत दिसतं. त्याने पेशी वाचतात, असं मी म्हणणार नाही. पण पडणं कमी होतं, झोप सुधारते, पोट सुधारतं, आणि माणूस घराबाहेर पडतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट याच कारणाने मला महत्त्वाचे वाटतात. सरांना हे उत्तर तोकडं वाटलं. त्यांच्या जागी मलाही वाटलं असतं. पण न मिळणाऱ्या रक्षणाच्या नावाखाली मोजमाप नसलेलं औषध देणं हे मला वैद्यकीत बसत नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, दुपारी गोळी पुरत नाही हे सरांनी फोनवर सांगितलं असतं तर व्हिडिओ आला तेव्हा त्यांची अडचण सुटलेली असती. त्यासाठी "कधीही फोन करा" हे वाक्य पुरत नाही. दुपारी पाय अडला, अंग वळवळलं, काहीतरी दिसलं, तर फोन करायचा, असं नेमकं सांगावं लागतं. दोन हालचालींमधला फरक तर निदानाच्याच दिवशी घरच्यांना दाखवून ठेवायला हवा, शक्य असेल तर मोबाइलवरच्या चित्रफितीवर.

दुसरं, बाह्यरुग्ण विभागातला प्रश्न. "दुसरं काही घेता का?" असं विचारलं की रुग्ण "नाही" म्हणतो, कारण चूर्ण, काढा, तूप याला तो औषध मानत नाही आणि रागावतील अशी धास्तीही असते. "दुधातून, पाण्यातून, मधातून काय काय घेता?" असं विचारून पाहा. उत्तरं बदलतात.

तिसरं माझ्या व्यवसायबंधूंसाठी. कवचबीज कंपवातात देणाऱ्या प्रत्येक वैद्याला त्यात काय आहे हे माहीत असतं. मग ते न्यूरॉलॉजिस्टला लिहून कळवण्यात संकोच कसला? आपण कळवलं नाही, तर आपलं औषध लागू पडल्याचं श्रेयही आपल्याला मिळत नाही आणि बिघडलं तर सारं शास्त्रच बदनाम होतं.

एक प्रश्न मात्र माझ्यापुरता अजून उघडा आहे. पहिल्याच महिन्यात, भास आणि चक्कर नसताना सर आले असते, तर प्रमाणित कवचबीज वापरून गोळी कमी करायचा प्रयत्न मी न्यूरॉलॉजिस्टसोबत केला असता का? बहुधा केला असता. मात्रेचा दाखला, शोधनाची पद्धत आणि एकाच खेपेचा माल हाती असेल तर तो प्रयत्न गैर नाही.

आजची स्थिती

चूर्ण पूर्ण थांबल्यावर दोन आठवड्यांत ओटीवरची मुलं दिसेनाशी झाली. अंगाची वळवळ सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत क्वचितच दिसली. उभ्याचा रक्तदाब सावरला आणि त्यानंतर सर पडलेले नाहीत. दुपारचा अडथळा मात्र परतला. पाच गोळ्यांनी तो पूर्वीइतका राहिला नाही, पण गेलाही नाही. ते पहिले दोन महिने पुन्हा आले नाहीत याची खंत सर प्रत्येक भेटीत बोलून दाखवतात. काकूंच्या वहीत आता गोळीची वेळ, हालचाल आणि खाण्यात आलेली नवी गोष्ट, अशा नोंदी रोज असतात.

वर्षभरात रोग थोडा पुढे गेला आहे. न्यूरॉलॉजिस्टनी लेव्होडोपाचा परिणाम लांबवणारी दुसरी गोळी जोडली आहे, आणि मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा सुरू झाली आहे. आधी भास झाले होते म्हणून त्याआधी स्मृती आणि विचारशक्तीच्या चाचण्या कराव्या लागतील. मुलाला शस्त्रक्रिया हवी आहे, काकूंना भीती वाटते, आणि सरांनी मला विचारलं आहे की चाचण्यांच्या आधी अश्वगंधा पुन्हा सुरू करू का. चाचण्या होईपर्यंत नको, असं मी सांगितलं आहे, आणि तेही न्यूरॉलॉजिस्टना लिहून कळवलं आहे.